लॉरेन्स, त्याची ‘ब्रफ’ आणि हेल्मेटचा जन्म

दुचाकी चालविताना डोक्यावर हेल्मेट असलेच पाहिजे, हा नियम आज जगातील बहुतेक देशांनी स्वीकारला आहे. आपल्याकडे तो पाळण्याबाबत कुरकुर होते, प्रसंगी मोर्चेही निघतात. परंतु, ज्या अपघातानंतर या विषयाकडे वैद्यकशास्त्राचे गांभीर्याने लक्ष गेले, त्याची हकिगत फारशी कुणाला ठाऊक नसते. पहिल्या महायुद्धात अरबस्तानच्या वाळवंटात उंटावरून लढलेला आणि ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या नावाने जगभर गाजलेला टी. ई. लॉरेन्स त्या अपघातात मरण पावला. योद्धा, पुरातत्त्वज्ञ आणि लेखक म्हणून त्याची ओळख मोठी आहे. मात्र, आयुष्याच्या अखेरच्या तेरा वर्षांत त्याला खरे समाधान कशाने दिले असेल, तर ते दुचाकीने. त्या दुचाकीवरच त्याचा अंत व्हावा आणि त्या अंतातून पुढे असंख्य दुचाकीस्वारांचे प्राण वाचावेत, हा इतिहासातील एक विलक्षण योग म्हणावा लागेल.

सायकलवर घडलेला तरुण

थॉमस एडवर्ड लॉरेन्स याचा जन्म १६ ऑगस्ट १८८८ रोजी वेल्समधील ट्रेमाडॉग या लहानशा गावी झाला. त्याचे वडील थॉमस चॅपमन हे आयर्लंडमधील एका बड्या जमीनदार घराण्यातील. पत्नी आणि चार मुलींना मागे सोडून त्यांनी मुलींना सांभाळणाऱ्या शिक्षिकेबरोबर नवा संसार थाटला आणि लॉरेन्स हे नाव धारण केले. या दोघांचा विवाह कधीच झाला नाही. त्यांना पाच मुलगे झाले. थॉमस एडवर्ड हा त्यांपैकी दुसरा. तत्कालीन इंग्लंडमध्ये अशा जन्माचा कलंक मोठा मानला जाई. आपले आडनाव आपले नाही, ही जाणीव त्याला लहान वयातच झाली. पुढे त्याने दोनदा नाव बदलले, त्यामागे या जाणिवेचाही वाटा असावा.

१८९६ मध्ये हे कुटुंब ऑक्सफर्ड येथे स्थायिक झाले. शालेय वयापासून लॉरेन्सला दोन छंद होते. एक जुन्या वास्तूंचा आणि दुसरा सायकलचा. मध्ययुगीन किल्ले पाहण्यासाठी १९०६ ते १९०८ या काळात तो उन्हाळ्याच्या सुटीत सायकलवरून फ्रान्समध्ये हिंडला. १९०८ च्या एकाच दौऱ्यात त्याने दोन हजार मैलांहून अधिक अंतर तोडले. दुसऱ्या वर्षी सीरियातील ऐन उन्हाळ्यात धर्मयुद्धकालीन किल्ल्यांचा अभ्यास करण्यासाठी तो सुमारे हजार मैल पायी चालला. या भटकंतीतून सिद्ध झालेल्या प्रबंधावर ऑक्सफर्डच्या जीझस कॉलेजातून १९१० मध्ये त्याने इतिहासाची पदवी प्रथम श्रेणीत मिळविली. पुढील तीन-चार वर्षे तो कार्कमिश येथील उत्खननात रमला. अरबी भाषा, तेथील टोळ्या, त्यांचे रीतिरिवाज यांचे ज्ञान त्याला तेथेच मिळाले.

लॉरेन्सची उंची जेमतेम पाच फूट पाच इंच होती. अंगकाठीही किरकोळ. परंतु, भूक, झोप आणि थकवा यांवर मात करण्याचे एक जवळजवळ हट्टी सामर्थ्य त्याच्यात होते. लांबच्या प्रवासाला लागणारी ही चिकाटी पुढे उंटावर आणि नंतर दुचाकीवर त्याच्या कामी आली.

कूतचा वेढा आणि वाळवंटातील युद्ध

महायुद्ध सुरू झाल्यावर लॉरेन्सची नेमणूक कैरो येथे लष्करी गुप्तवार्ता विभागात झाली. १९१५ मध्ये फ्रँक आणि विल हे त्याचे दोन भाऊ युद्धात मारले गेले. एप्रिल १९१६ मध्ये त्याला मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, एका अवघड कामगिरीवर धाडण्यात आले. तेथे कूत या गावी जनरल टाऊनशेंड यांची सहावी ‘पूना डिव्हिजन’ तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. उपासमारीने सैन्याचे हाल चालले होते. मोठी रक्कम देऊन वेढा उठविता येतो का, हे अजमाविण्यासाठी गेलेल्या अधिकाऱ्यांत लॉरेन्स होता. तुर्की सेनापती खलील पाशा याने हा प्रस्ताव धुडकावला. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजारांच्या फौजेने शरणागती पत्करली. त्यांतील हजारो सैनिक पुढे कैदेत दगावले. महाराष्ट्रातील अनेक घरांचे दुःख त्या एका घटनेत दडलेले आहे.

त्याच वर्षी जूनमध्ये मक्केचा शरीफ हुसेन याने तुर्की सत्तेविरुद्ध बंड पुकारले. हुसेनचा पुत्र फैझल याच्याबरोबर लॉरेन्स वाळवंटात उतरला. हेजाझ रेल्वेचे रूळ आणि पूल सुरुंगांनी उडविणे, छोट्या तुकड्यांनी अचानक छापे घालणे, हे त्याचे तंत्र होते. ६ जुलै १९१७ रोजी अकाबा हे बंदर अरबांनी जमिनीच्या बाजूने येऊन जिंकले. १ ऑक्टोबर १९१८ रोजी ते दमास्कसमध्ये शिरले. या मोहिमेच्या उत्तरार्धात उंटांच्या जोडीला रोल्स-रॉईसच्या चिलखती मोटारी होत्या. चांगले यंत्र माणसाला किती दूर नेऊ शकते आणि ते निगुतीने राखले नाही तर किती मोठी किंमत मोजावी लागते, याचा धडा लॉरेन्सला वाळवंटातच मिळाला.

युद्ध संपले आणि अरबांना दिलेली स्वातंत्र्याची आश्वासने हवेत विरली. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी तो प्रदेश आपसांत वाटून घेण्याचे आधीच ठरविले होते. आपण ज्यांच्याबरोबर लढलो त्यांची फसवणूक झाली आणि त्यात आपलाही हात होता, हा सल लॉरेन्सला आयुष्यभर छळत राहिला. राजाकडून मिळणारे सन्मान त्याने नाकारले. दुसरीकडे, अमेरिकी पत्रकार लोवेल थॉमस याने १९१९ मध्ये लंडनला सादर केलेल्या सचित्र व्याख्यानांमुळे तो रातोरात लोकनायक झाला. चर्चिल यांच्या हाताखाली वसाहत खात्यात सल्लागार म्हणून काही काळ काम केल्यानंतर त्याने एक अनपेक्षित निर्णय घेतला. कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचलेला हा माणूस ऑगस्ट १९२२ मध्ये जॉन ह्यूम रॉस या खोट्या नावाने हवाई दलात साधा शिपाई म्हणून भरती झाला.

गर्जनेचा पुत्र

हे गुपित फार काळ टिकले नाही. वृत्तपत्रांनी त्याचा माग काढला आणि १९२३ च्या प्रारंभी त्याला हवाई दलातून काढून टाकण्यात आले. मार्चमध्ये तो टी. ई. शॉ या नावाने रणगाडा दलात दाखल झाला. डॉर्सेट परगण्यातील बोव्हिंग्टन येथील छावणीत त्याला ठेवण्यात आले. रणगाडा दलातले जीवन त्याला मानवत नव्हते. मन कमालीचे खचले होते. अशा दिवसांत त्याचे दोन आधार होते. एक, छावणीपासून मैलभरावर असलेले ‘क्लाउड्स हिल’ हे छोटेसे पडके घर, जे त्याने भाड्याने घेऊन दुरुस्त केले. दुसरा आधार म्हणजे ‘ब्रफ सुपीरियर’ दुचाकी.

नॉटिंगहॅम येथील जॉर्ज ब्रफ या अभियंत्याने १९१९ मध्ये स्वतःची कंपनी सुरू केली होती. १९४० पर्यंतच्या काळात तेथे सुमारे तीन हजार दुचाक्या तयार झाल्या. आजच्या हिशेबाने हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु, ब्रफचा भर संख्येवर नव्हता. प्रत्येक गाडी दोनदा जोडली जाई. आधी सर्व भाग बसवून पाहायचे, मग पुन्हा सुटे करून त्यांना रंग आणि मुलामा द्यायचा आणि नंतर अंतिम जोडणी करायची, अशी ही पद्धत होती. हँडलचा आकार आणि बैठक गिऱ्हाइकाच्या मापानुसार ठरे. १९२४ मध्ये आलेल्या ‘एसएस १००’ या गाडीबरोबर ती ताशी १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर वेगाने धावल्याची हमी दिली जाई. जवळपास एक हजार सीसी क्षमतेचे, दोन सिलिंडरचे जे. ए. पी. बनावटीचे इंजिन तिला बसविलेले असे. दुचाक्यांमधील रोल्स-रॉईस, असा तिचा लौकिक होता.

लॉरेन्सने १९२२ पासून एकामागून एक अशा सात ब्रफ गाड्या वापरल्या. निर्मात्याच्या नावावरून तो त्यांना राजांप्रमाणे पहिला जॉर्ज, दुसरा जॉर्ज असे क्रमांक देत असे. लाडाचे नाव मात्र ‘बोअनर्जीस’. बायबलमध्ये येशूने आपल्या दोन शिष्यांना दिलेले हे नाव. त्याचा अर्थ गर्जनेचे पुत्र. गाडीच्या आवाजाला ते शोभणारेच होते.

हौस आणि निगा

त्या काळी मोठी दुचाकी चालविणे हे आजच्याइतके सोपे काम नव्हते. गिअर टाकीच्या बाजूला असलेल्या दांड्याने हाताने बदलावे लागत. ठिणगी कधी पडावी, हेही स्वाराला हँडलवरच्या छोट्या दांडीने ठरवावे लागे. चढावर इंजिनाचा आवाज ऐकून ते सांभाळायचे आणि सपाटीवर पुन्हा पूर्ववत करायचे. इंजिनाला पुरेसे तेल पोहोचते आहे की नाही, याकडे सतत लक्ष ठेवावे लागे. साखळीचा ताण, ब्रेकच्या तारा, चाकांतील हवा यांची तपासणी केल्याविना लांबच्या प्रवासाला निघणे म्हणजे वाटेत बसून राहण्याची तयारी करणे. ब्रेक आजच्या तुलनेने दुबळे होते आणि पावसात टायरची पकड भरवशाची नसे.

लॉरेन्सला हा खटाटोप ओझे वाटत नसे. गाडीशी जुळलेला स्वार तिच्या आवाजातला बारीकसा फरकही ओळखतो, अशी त्याची धारणा होती. मोठ्या दुरुस्तीसाठी तो गाडी नॉटिंगहॅमच्या कारखान्यात नेई आणि रस्त्यावर आलेले अनुभव जॉर्ज ब्रफला कळवी. एका अर्थाने तो त्या कारखान्याचा बिनपगारी परीक्षकच होता. १९२६ मध्ये त्याने ब्रफला कळविले, की १९२२ पासून पाच गाड्यांवर मिळून त्याचे एक लाख मैल पूर्ण झाले आहेत. म्हणजे चार-साडेचार वर्षांत सुमारे एक लाख साठ हजार किलोमीटर. पृथ्वीला चार प्रदक्षिणा घालण्याएवढे हे अंतर त्याने नोकरी सांभाळून, बहुतांशी सुटीच्या दिवसांत आणि संध्याकाळच्या मोकळ्या वेळात कापले होते.

हा सारा प्रवास विक्रमासाठी नव्हता. मित्रांना भेटणे, जुनी चर्च आणि किल्ले पाहणे, लंडनला जाऊन पुस्तकाच्या छपाईचे काम बघणे, अशी साधीसुधी कारणे त्यामागे असत. डॉर्सेटमध्ये वृद्ध कादंबरीकार थॉमस हार्डी यांच्या घरी तो दुचाकीवरूनच जाई. हार्डी, बर्नार्ड शॉ यांच्यासारख्या थोरामोठ्यांच्या दिवाणखान्यात आणि शिपायांच्या बराकीत तो सारख्याच सहजतेने वावरे. या दोन जगांना जोडणारा दुवा दुचाकी होती.

जॉन बुकन आणि बर्नार्ड शॉ यांनी सरकारदरबारी केलेल्या रदबदलीमुळे ऑगस्ट १९२५ मध्ये त्याला पुन्हा हवाई दलात घेण्यात आले. त्याची नेमणूक क्रॅनवेल येथील तळावर झाली. तेथील दिवसांचे वर्णन त्याने ‘द मिंट’ या पुस्तकात केले आहे. बराकीतल्या सोबत्यांसाठी खाद्यपदार्थ आणण्याच्या निमित्ताने तो संध्याकाळी गाडी काढी. अशाच एका फेरीत डोक्यावरून उडणाऱ्या ब्रिस्टल फायटर विमानाशी त्याने रस्त्यावरून शर्यत लावली, हा त्या पुस्तकातला प्रसंग दुचाकीवेड्यांच्या जगात आजही आवडीने सांगितला जातो. त्या वेळी ब्रिटनमधील कायदेशीर वेगमर्यादा ताशी अवघी वीस मैल होती, हे लक्षात घेतले म्हणजे या वेडाची कल्पना येते.

या वेगाला दुसरी बाजूही होती. मन अस्वस्थ झाले, रात्री झोप लागेनाशी झाली, की लॉरेन्स गाडीला किक मारून रस्त्यावर येई. वेगात असताना विचार थांबतात, एवढेच त्याला पुरेसे असे. घसरण्याचे आणि पडण्याचे प्रसंग त्याच्यावर अनेकदा आले. परंतु, वाळवंटात गोळ्या आणि सुरुंगांतून सहीसलामत सुटलेल्या माणसाला रस्त्यावरच्या धोक्याचे भय वाटत नसावे.

कराची ते मुंबई

डिसेंबर १९२६ मध्ये लॉरेन्सला हिंदुस्थानात पाठविण्यात आले. त्यामुळे दोन वर्षे त्याला आपल्या लाडक्या गाडीविना काढावी लागली. कराचीजवळच्या ड्रिग रोड येथील हवाई दलाच्या आगारात तो कारकुनी काम करीत असे. ‘सेव्हन पिलर्स ऑफ विज्डम’ या त्याच्या ग्रंथाची मोजक्या वर्गणीदारांसाठीची देखणी आवृत्ती १९२६ मध्ये निघाली होती. तिचा संक्षेप १९२७ मध्ये बाजारात आला आणि त्याचे नाव पुन्हा चर्चेत आले. कराचीतच त्याने ‘द मिंट’चे लेखन पूर्ण केले. १९२८ मध्ये त्याची बदली अफगाण सीमेजवळील मिरानशाह येथे झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस अफगाणिस्तानात राजा अमानुल्लाविरुद्ध बंड उफाळले. त्यामागे लॉरेन्सचाच हात आहे, अशा वावड्या वृत्तपत्रांतून उठल्या. त्यांत तथ्य नव्हते. तरीही सरकारने त्याला घाईने परत बोलाविले. जानेवारी १९२९ मध्ये मुंबईच्या बंदरातून ‘राजपुताना’ या बोटीने तो इंग्लंडला रवाना झाला.

मायदेशी परतल्यावर एक सुखद धक्का त्याची वाट पाहत होता. शॉ दांपत्यासह काही मित्रांनी त्याच्यासाठी नवी ब्रफ घेऊन ठेवली होती. प्लिमथ येथील तळावर त्याची नेमणूक झाली. फेब्रुवारी १९३१ मध्ये तेथे त्याच्या डोळ्यांदेखत एक सागरी विमान समुद्रात कोसळले. मदतीला धावणाऱ्या बोटी संथ असल्याने बुडणाऱ्यांचे प्राण जातात, हे त्याने जवळून पाहिले. त्यानंतरची वर्षे त्याने हवाई दलासाठी वेगवान बचाव नौका तयार करण्याच्या कामाला वाहून घेतली. इंजिन ऐकून ओळखण्याची, त्याला जपून पण पूर्ण क्षमतेने चालविण्याची जी सवय दुचाकीने लावली होती, ती येथे उपयोगी पडली. पुढे दुसऱ्या महायुद्धात अशा जातीच्या नौकांनी समुद्रात पडलेल्या असंख्य वैमानिकांना वाचविले.

शेवटची फेरी

फेब्रुवारी १९३५ च्या अखेरीस हवाई दलातील त्याची मुदत संपली. ब्रिडलिंग्टन येथून तो निघाला तो चक्क सायकलवर. क्लाउड्स हिल येथे पोहोचतो तो पत्रकारांनी घराला गराडा घातलेला. घराच्या छपरावर दगड मारण्यापर्यंत काहींची मजल गेली. काही आठवड्यांनी ही गर्दी पांगली. लॉरेन्स ४६ वर्षांचा होता. पुढे काय करायचे, हे त्याचे ठरत नव्हते. आठव्या ब्रफची मागणी नोंदविलेली होती.

सोमवार, १३ मे १९३५. सकाळी लॉरेन्सने ‘जीडब्ल्यू २२७५’ या क्रमांकाची आपली सातवी ब्रफ बाहेर काढली. मैलभरावरील बोव्हिंग्टन छावणीच्या पोस्टात जाऊन त्याने एक पार्सल रवाना केले आणि लेखक हेन्री विल्यमसन याला दुसऱ्या दिवशी भोजनाचे निमंत्रण देणारी तार केली. काम अगदी घरगुती, अंतरही नेहमीच्या पायाखालचे. परतताना साडेअकराच्या सुमारास, घर अगदी जवळ आले असता, रस्त्यातील एका उताराआड त्याच दिशेने जाणारी सायकलवरची दोन मुले त्याला अचानक समोर दिसली. त्यांना वाचविण्यासाठी त्याने गाडी वळविली. एका सायकलला धक्का लागला, गाडी कलंडली आणि लॉरेन्स हँडलवरून पुढे फेकला गेला. मुलांना गंभीर इजा झाली नाही. लॉरेन्सच्या डोक्याला मात्र जबर मार बसला. डोक्यावर संरक्षण म्हणावे असे काहीही नव्हते.

अपघातस्थळाजवळ असलेल्या एका सैनिकाने समोरून एक काळी मोटार गेल्याचे चौकशीत सांगितले. मुलांनी मात्र तशी मोटार पाहिल्याचे नाकारले. यातून घातपाताच्या अनेक कथा रचल्या गेल्या. त्यांना पुरावा मिळाला नाही. वेगाबद्दलही बरेच बोलले गेले. परंतु, अपघातानंतर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकलेली आढळली. त्या गिअरमध्ये ती ताशी चाळीस मैलांच्या आतच धावू शकत असे. म्हणजे शंभर मैलांच्या वेगाची हौस असणारा हा स्वार त्या दिवशी तुलनेने बेताच्या वेगात होता. बेशुद्धावस्थेतच सहा दिवस काढून १९ मे रोजी सकाळी त्याने प्राण सोडला. २१ मे रोजी मोरटन येथील लहानशा चर्चच्या दफनभूमीत त्याचा अंत्यविधी झाला. चर्चिल यांच्यासह अनेक मान्यवर त्या वेळी उपस्थित होते. चौकशी मंडळाने अपघाती मृत्यूचा निर्णय दिला.

एका डॉक्टरची जिद्द

लॉरेन्सवर उपचार करण्यासाठी पाचारण केलेल्या तज्ज्ञांमध्ये डॉ. ह्यू केर्न्स हे तरुण मेंदूशल्यविशारद होते. मूळचे ऑस्ट्रेलियाचे असलेले केर्न्स अमेरिकेत हार्वी कुशिंग यांच्या हाताखाली शिकले होते. मेंदूची इजा इतकी गंभीर होती, की त्यांच्या कौशल्याचा काही उपयोग झाला नाही. एका असामान्य माणसाचा अशा टाळता येण्याजोग्या कारणाने झालेला मृत्यू केर्न्स यांच्या मनात घर करून राहिला. त्यांच्या पुढील संशोधनामागची प्रेरणा हीच होती, असे वैद्यकीय इतिहासकार मानतात.

हेल्मेट ही वस्तू त्या काळी अज्ञात नव्हती. १९१४ मध्येच डॉ. एरिक गार्डनर यांनी कापड आणि लाख यांपासून बनविलेले टणक शिरस्त्राण ‘आयल ऑफ मॅन’च्या दुचाकी शर्यतीतील स्पर्धकांसाठी आणले होते. परंतु, ते शर्यतीपुरते राहिले. रोजच्या रस्त्यावर दुचाकीस्वाराच्या डोक्यावर कापडी किंवा कातडी टोपी, डोळ्यांना गॉगल, हातात मोजे आणि अंगात लांब कोट, एवढाच सरंजाम असे. थंडी, वारा आणि धूळ यांपासून बचाव करणारा हा पोषाख आघातापासून काही वाचवीत नव्हता.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर प्रश्न अधिक तीव्र झाला. लष्करी निरोप्यांना दिवे मालवलेल्या रस्त्यांवरून रात्री-बेरात्री दुचाकी हाकावी लागे. केर्न्स यांनी ऑक्टोबर १९४१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आपला गाजलेला लेख प्रसिद्ध केला. युद्धापूर्वीच्या एकवीस महिन्यांत ब्रिटनमध्ये १८८४ दुचाकीस्वार आणि त्यांच्या मागे बसणारे मृत्युमुखी पडले होते. युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत हा आकडा २२७९ झाला. पेट्रोलवर नियंत्रण असूनही ही वाढ झाली होती. बहुतेक मृत्यूंचे कारण डोक्याची इजा हे होते. उलट, अपघाताच्या वेळी हेल्मेट घातलेले अवघे सात रुग्ण केर्न्स यांच्या पाहण्यात आले. ते सातही जण वाचले होते. सात ही संख्या लहान आहे, हे उघडच होते. तरीही, नोव्हेंबर १९४१ मध्ये लष्कराने कामावरील दुचाकीस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. त्यानंतरच्या वर्षांत केर्न्स आणि भौतिकशास्त्रज्ञ होलबोर्न यांनी अपघातग्रस्तांची हेल्मेट गोळा करून, त्यांच्यावरील खुणा तपासून हा अभ्यास अधिक पक्का केला.

हेल्मेट नेमके काय करते, हे या अभ्यासातून स्पष्ट होत गेले. डोके रस्त्यावर आपटते तेव्हा कवटी तत्क्षणी थांबते, पण आतला मेंदू थांबत नाही. तो कवटीवर आदळतो, पिळवटतो. हेल्मेटचे टणक कवच आघात मोठ्या पृष्ठभागावर पसरविते आणि आतला थर दबून डोक्याला थांबायला क्षणाचा काही अंश अधिक देतो. प्राण वाचतात ते त्या अंशामुळे. म्हणूनच एकदा जोराचा आघात सोसलेले हेल्मेट वरून धडधाकट दिसले तरी बदलावे लागते. आतला थर आपले काम करून चुकलेला असतो. हनुवटीखालचा पट्टा न बांधलेले हेल्मेट तर आपटण्याच्या आधीच उडून जाते. हेल्मेट हँडलला लटकवून किंवा टाकीवर ठेवून फिरणाऱ्यांना या संशोधनाचा लाभ मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

सामान्य नागरिकांसाठी हेल्मेटसक्ती होण्यास ब्रिटनमध्ये १ जून १९७३ उजाडावे लागले. ते पाहण्यास केर्न्स हयात नव्हते. १९५२ मध्येच त्यांचे निधन झाले होते. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार भारतीय मानकांप्रमाणे बनविलेले हेल्मेट वापरणे बंधनकारक आहे. तरीही, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात हेल्मेट न घातलेल्या ५० हजारांहून अधिक दुचाकीस्वारांचा आणि सहप्रवाशांचा बळी गेला. त्यांत मागे बसणाऱ्यांची संख्या १४ हजारांवर होती. जवळच तर जायचे आहे, रस्ता ओळखीचा आहे, वेगही फार नाही, ही कारणे आपल्याकडे सर्रास दिली जातात. पोस्टातून घरी निघालेल्या लॉरेन्सच्या बाबतीतही ही तिन्ही कारणे लागू होती.

डेव्हिड लीन यांच्या १९६२ च्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या चित्रपटाची सुरुवात याच अपघाताने होते. त्यानंतर पडदाभर वाळवंट पसरते आणि प्रेक्षक दुचाकी विसरून जातात. क्लाउड्स हिल हे घर आज ‘नॅशनल ट्रस्ट’ने जतन केले आहे. ‘जीडब्ल्यू २२७५’ ही गाडी दुरुस्त होऊन शाबूत राहिली. गाडीचे नुकसान भरून काढता आले, स्वाराचे आले नाही. अरबस्तानच्या लढाईत लॉरेन्सने किती मिळविले आणि किती गमावले, यावर इतिहासकारांचे वाद अजून संपलेले नाहीत. परंतु, त्याच्या मृत्यूने एका डॉक्टरला जे कामाला लावले, त्याच्या मोलाविषयी वाद होण्याचे कारण नाही.